वाजला तरी कुणी आलं नाही : जुळे सोलापुरातलं एक घरफोडीचं प्रकरण

भोगीच्या दिवशी संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला सरांचा फोन आला. "घर फोडलं रे. आणि तुझा अलार्म वाजलाच नाही."

दुसरं वाक्य मला जास्त लागलं, हे कबूल करतो. चार वर्षांपूर्वी तो अलार्म मीच बसवला होता. सर माझे शाळेतले, आठवी-नववीचं गणित त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्या घरचं काम करताना मी मजुरी कमी लावली आणि त्यांच्याशी वाद एकदाही घातला नाही. त्या न घातलेल्या वादाचा हिशेब पुढे येईलच. हे सगळं त्यांच्या परवानगीनं लिहितोय, नाव आणि गल्ली वगळून.

पोलिसांचा पंचनामा झाल्यावर त्यांना विचारून मी पॅनेल, म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, उघडलं. आधीच्या घडामोडी त्यात वेळेसकट साठून राहतात. त्या दिवसाच्या नोंदी थोडक्यात अशा : ११:५२ ला यंत्रणा चालू. १३:३८ ला झोन तीन, म्हणजे हॉलमधला मोशन सेन्सर. त्याच मिनिटाला हूटर, म्हणजे भोंगा, सुरू. डायलर, म्हणजे ठरवून दिलेल्या नंबरांना आपोआप फोन लावणारा भाग, तोही सुरू. पहिला नंबर, उत्तर नाही. दुसरा, उत्तर नाही. तिसरा, लागलाच नाही. पुन्हा पहिल्यापासून, अशा तीन फेऱ्या. १३:४१ ला हूटर बंद, कारण तीन मिनिटांची मर्यादा मीच घातलेली. १६:१८ ला सरांनी कोड दाबून यंत्रणा बंद केली.

म्हणजे अलार्म वाजला होता. चांगला तीन मिनिटं वाजला होता. सरांना मी ती नोंद दाखवली तेव्हा ते खुर्चीत बसले आणि एवढंच म्हणाले, "मग कुणी आलं कसं नाही?"

गणिताच्या मास्तरानं बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. चोर कसा शिरला हे शोधायला अर्धा तास लागला. या प्रश्नाचं उत्तर मिळायला मात्र दोन आठवडे गेले.

घर आणि तो दिवस

जुळे सोलापुरातलं रो-हाऊस. खाली हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम. आतूनच जिना, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. मुलगा-सून पुण्याला. घरात सर आणि काकू दोघंच. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चाललेलं, पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकून झालेला, पण गड्ड्यामुळे, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेमुळे, कामगार चार दिवस सुट्टीवर.

सोलापूरकराला भोगीचा दिवस सांगायला नको. सात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, हिरेहब्बू वाड्यातून निघतात, बाराबंदी घातलेले मानकरी ते पेलत सिद्धेश्वर मंदिराकडे येतात आणि संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात. निम्मं गाव तिकडं असतं. सर-काकू दरवर्षी जातात. घरी काकूंची आई होती तोवर कुणीतरी घरात असायचं. यंदा पहिल्यांदाच घर रिकामं होतं. आणखी एक गोष्ट : संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी काकूंनी आदल्याच आठवड्यात बँकेच्या लॉकरमधून पाटल्या आणि एक हार काढून आणला होता. वर्षभरात त्या घरात सगळ्यांत जास्त सोनं आणि सगळ्यांत कमी माणसं, असा तो एकच दिवस.

सरांच्या डोक्यात चोर रात्रीचाच. "दिवसाढवळ्या कोण येतंय?" हे मी अनेक घरांत ऐकतो. कायद्याला मात्र दिवसाचा चोर चांगला ठाऊक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय यांच्यामधली घरफोडी वेगळ्या पोटकलमात येते आणि तिला शिक्षा जास्त आहे, दिवसाची वेगळी. चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर दहा वर्षांपर्यंत, रात्री फोडलं तर चौदा वर्षांपर्यंत. पोलिसांच्या कागदावरही 'दिवसा घरफोडी' असाच शब्द असतो. चोराच्या बाजूनं बघितलं तर हे सरळ आहे. रात्री माणूस घरात झोपलेला असतो, दुपारी घरात माणूसच नसतो.

गच्चीचा दरवाजा

यंत्रणा बसवली तेव्हा चार झोन होते : पुढचा दरवाजा, मागचा दरवाजा, हॉलमधला मोशन सेन्सर आणि खालच्या बेडरूमची खिडकी. गच्चीच्या दरवाजाला मॅग्नेटिक सेन्सर (दार उघडलं की कळवणारा) लावू या, असं मी म्हणालो होतो. सर म्हणाले, "वर कोण चढणार आहे? आणि पाण्याच्या दिवशी मला चार वेळा वर जावं लागतं, प्रत्येक वेळी भोंगा वाजवायचा का?"

सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय ते बाहेरच्याला समजावणं कठीण. नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि ते पहाटे तीनला येईल की सकाळी आठला, याचा नेम नाही. पाणी आलं की मागच्या दारानं हौदापाशी जायचं, मोटार लावायची, टाकी भरली का बघायला गच्चीवर पळायचं. आपल्याकडे अलार्म बंद ठेवण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे आणि ते कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. उपाय अवघड नव्हता. पहाटेपुरते ते दोन झोन सोडून बाकीचे चालू ठेवणारं एक बटण रिमोटवर देता आलं असतं. पण सर 'नको' म्हणाले आणि मी त्यांचा विद्यार्थी. मी 'बरं सर' म्हणालो.

चोर शेजारच्या स्लॅबवरून गच्चीवर आला. दरवाजा पत्र्याचा, आतून एकच कडी. ती उचकटायला पहारही लागली नसावी. वरच्या खोलीतलं लाकडी कपाट त्यानं निवांत रिकामं केलं. किती वेळ घेतला हे पॅनेलला माहीत नाही, कारण वरच्या मजल्यावर पॅनेलला डोळाच नव्हता. पाटल्या, हार आणि थोडी रोकड तिथेच होती. मग तो जिना उतरून हॉलमध्ये आला, आणि १३:३८.

'अलार्म बसवला म्हणजे घर झाकलं गेलं' हा पहिला गैरसमज. झाकलं जातं ते जिथे सेन्सर आहे तेवढंच, आणि चोर घराकडे मालकाच्या नजरेनं बघत नाही. मालकाला दरवाजे दिसतात, चोराला चढायच्या जागा दिसतात.

जानेवारीचं कारण मे महिन्यात

आता सरांचा प्रश्न. भोंगा वाजला तेव्हा गल्लीत माणसं होती. निदान पाच घरं उघडी होती. मी एकेकाकडे जाऊन विचारलं. डाव्या हाताच्या वहिनी म्हणाल्या, "ऐकला की. पण तो काय नेहमीच वाजतो. पाल असंल म्हटलं." आणखी दोन घरांत हेच उत्तर, शब्द तेवढे वेगळे. एका पोरानं तर सरळ सांगितलं, "आमी मोजायचो ओ, या महिन्यात किती वेळा."

हे ऐकून मी जुन्या नोंदी काढल्या. जुलै ते डिसेंबर या काळात हॉलच्या सेन्सरनं चौदा वेळा भोंगा वाजवला होता आणि प्रत्येक वेळी काही मिनिटांत सरांनी कोड दाबला होता. त्याआधीच्या सगळ्या महिन्यांत मिळून एकदा. मग जून-जुलैच्या दरम्यान काय बदललं? काहीच नाही. बदललं होतं मे महिन्यात, आणि बदलणारा मी.

इथे जरा खोलात जावं लागेल. मोशन सेन्सर हालचाल 'बघतो' असं लोकांना वाटतं, जणू तो छोटा कॅमेराच. तो उष्णता बघतो. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे अवरक्त किरण सोडते. सेन्सरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या भिंगामुळे समोरच्या जागेचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पडतात. आत शेजारी-शेजारी दोन संवेदक असतात, एकमेकांच्या उलटे जोडलेले. खोली हळूहळू तापली तर दोघांवर सारखाच परिणाम होतो आणि तो कटतो. माणूस आडवा चालत गेला की ऊब आधी एकावर पडते, मग दुसऱ्यावर. हा फरक म्हणजेच 'हालचाल'. म्हणून सेन्सरसमोरून आडवा जाणारा चटकन पकडला जातो, आणि सरळ त्याच्या दिशेनं चालत येणारा उशिरा.

यातली मेख अशी की माणूस भिंतीपेक्षा वेगळ्या तापमानाचा असला तरच हे सगळं चालतं. आपल्या कातडीचं तापमान तेहतीस-चौतीसच्या आसपास, कपड्यांचं त्याहून थोडं कमी. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि बंद घराच्या भिंती दुपारी माणसाइतक्याच गरम होतात. तेव्हा माणूस सेन्सरच्या लेखी भिंतीचाच तुकडा होतो. बऱ्या सेन्सरमध्ये तापमानाप्रमाणे संवेदनक्षमता आपोआप वाढवायची सोय असते, पण तिलाही मर्यादा आहे. मे महिन्यात सरांनी बोलावलं होतं : "अरे, मी समोरून गेलो तरी लाल दिवा लागत नाही." मी शिडीवर चढलो, आतली पिन हलवून संवेदनक्षमता सगळ्यांत वर केली. 'दोनदा हालचाल दिसली तर वाजव' असं होतं ते 'एकदाच दिसली तरी वाजव' असं केलं. दिवा लागायला लागला. सर खूश, मी चहा पिऊन परतलो.

पाऊस पडला, घर गार झालं. सेन्सर मात्र अजून मे महिन्यासाठीच लावलेला. आता माणूस आणि भिंत यांच्यात आठ-दहा अंशांचा फरक, आणि त्यावर पूर्ण चढवलेली संवेदनक्षमता. पावसाळ्यात किडे आले, किड्यांमागे पाली. पाल थंड रक्ताची असते, मग ती कशी सापडते, असं सरांनी विचारलं होतं. दूरच्या पालीकडे सेन्सर ढुंकूनही बघत नाही. पण ती थेट भिंगावरून चालली तर एका क्षणात सेन्सरची अर्धी नजर झाकते आणि उघडते. सेन्सरला वाटतं समोरून बैल गेला. शिवाय पंख्यानं हलणारा पडदा आणि त्यातून आत येणारी उन्हाची तिरीप होतीच.

सेन्सर नेमतानाही मी 'प्राण्यांना न दचकणारा' प्रकार लावला होता, त्याच्या खोक्यावर २५ किलोपर्यंत असं छापलेलं. लोक समजतात की सेन्सर जणू वजन करतो. तो जमिनीलगतच्या पट्ट्यांकडे कानाडोळा करतो, इतकंच. मांजर सोफ्याच्या पाठीवर चढलं की ते २५ किलोच्या हिशेबाबाहेर गेलं. पाल तर मुळातच त्या हिशेबात नाही.

तर साखळी अशी. मे महिन्यात मी पिन हलवली. जुलैपासून गल्लीनं चौदा वेळा 'लांडगा आला' ऐकलं. जानेवारीत लांडगा आला तेव्हा गल्लीचं काहीच चुकलं नाही, तिला तसं मीच शिकवलं होतं.

समोरचे आजोबा

पण एक माणूस उरला होता. सरांच्या बरोबर समोर राहणारे एक आजोबा. दुपारभर ओट्यावर बसलेले असतात, त्या दिवशीही होते. गल्लीतल्या पालीच्या गप्पांत ते नसतात. त्यांनी तर भोंगा ऐकायलाच हवा होता. मी विचारलं. "नाही बाबा, काहीच वाजलं नाही," ते म्हणाले. मला वाटलं वयामुळे विसरले. मग बोलता-बोलता कळलं की आजोबांनी पूर्व भागात छत्तीस वर्षं यंत्रमागावर काढली, चादरीच्या कारखान्यात.

खटखट करणाऱ्या मागांच्या मधोमध वर्षानुवर्षं उभं राहिलं की कान जातात, पण सगळे एकदम जात नाहीत. आवाजानं येणारा बहिरेपणा आधी वरच्या पट्टीवर घाव घालतो, साधारण तीन ते सहा हजार हर्ट्झच्या टापूत, आणि त्यातही चार हजारांच्या आसपास सगळ्यांत खोल. समोर बसून बोललेलं कळतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आता घरगुती अलार्मचा स्वस्त हूटर बघा : आत पिझो तबकडी, कर्कश किंचाळणारी, आणि तिचा आवाज असतो तीन हजार हर्ट्झच्या आगेमागे. आजोबांच्या कानांनी जो भाग गमावला, नेमका तिथला.

या शहरात असे किती कान असतील? आजवर मी बसवलेल्या शेकडो हूटरांपैकी एकाच्याही वेळी हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

भरीस भर, हूटर हॉलमध्येच होता. 'चोराच्या कानठळ्या बसतील' म्हणून आत लावतात. खोक्यावर लिहिलेलं असतं ११० डेसिबल, पण ते एक मीटरवरचं. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या हवेत सहा डेसिबल कमी होतात : दोन मीटरवर १०४, चारवर ९८, आठवर ९२, सोळावर ८६. त्यात विटांची भिंत आणि बंद खिडक्या आणखी वीस-तीस खातात. रस्त्यापलीकडच्या ओट्यावर पोहोचेतो त्याचा साध्या बोलण्याएवढा आवाज उरतो. भोगीच्या दुपारी लाऊडस्पीकर चालू असताना तर तोही नाही.

तीन नंबर

डायलरकडे वळू. त्याचं सिम चालू होतं, बॅलन्स होता. (हे मुद्दाम सांगतो, कारण निम्म्या घरांत तिथेच घोडं अडतं. नव्वद दिवस न वापरलेलं सिम कंपनी बंद करू शकते, आणि अलार्म न वाजणं हीच तर आपली इच्छा असते!) डायलरनं आपलं काम चोख केलं.

पहिला नंबर सरांचा. सर संमती कट्ट्याच्या गर्दीत, मोबाईल सदऱ्याच्या आतल्या खिशात. घरी आल्यावर मोबाईलवर तीन मिस्ड कॉल दिसले. अनोळखी नंबर, म्हणून त्यांनी बघून सोडून दिले. दुसरा नंबर पुण्याच्या मुलाचा. तो म्हणाला, "कर्जवाल्यांचा फोन वाटला, कट केला." डायलरच्या सिमचा नंबर कुणीच साठवून ठेवला नव्हता, मी तसं सांगितलंही नव्हतं. तिसरा नंबर लँडलाईनचा. ती लाईन दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलेली.

तीन नंबरांपैकी एकही माणूस घराजवळ नव्हता. मुलानं फोन उचलला असता तरी पुण्याहून तो काय करणार? त्याच्याकडे गल्लीतल्या एकाचाही नंबर नव्हता.

इथेच काकूंनी विचारलं, "पण पोलिसांना आपोआप कळत नाही का?" चार वर्षं त्या दोघांची हीच समजूत होती, आणि माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांची असते. घरातला साधा अलार्म पोलीस ठाण्याला जोडलेला नसतो. कुठल्या नियंत्रण कक्षाला दरमहा पैसे भरून जोडलेला असेल तर तिथला माणूस फोन करतो. नसेल तर तो फक्त आपण दिलेल्या नंबरांना सांगतो. काही जण हुशारी करून डायलरमध्येच ११२ घालायला सांगतात. मी घालत नाही. पालीच्या प्रत्येक फेरीला ध्वनिमुद्रित बाई ११२ ला फोन करणार आणि खऱ्या संकटातल्या कुणाची तरी लाईन अडवणार. ११२ ला फोन माणसानं करायचा, डोळ्यांनी काहीतरी बघून.

आणखी काय सापडलं

पुढच्या गोष्टींमुळे चोरी झाली नाही. पण त्या तशाच राहिल्या असत्या तर पुढची चोरी त्यांच्या नावावर गेली असती.

बॅटरी. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तास, चार वर्षांची, पोटाशी फुगलेली. पॅनेलवर हिरवा दिवा लागत होता, म्हणून सरांना ती ठणठणीत वाटायची. चार्जर काढून हूटर लावला तर मिनिटाच्या आत व्होल्टेज दहाच्या खाली. हिरवा दिवा वीज येतेय एवढंच सांगतो. पॅनेल मी माळ्यावर, स्लॅबच्या लगेच खाली बसवलं होतं, दिसायला नीटनेटकं. उन्हाळ्यात तिथे भट्टी असते, आणि या जातीच्या बॅटरीचं आयुष्य पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. शिवाय गावाला जाताना 'मेन' पाडून जायची सरांची सवय. नवी बॅटरी असली तरी असलं पॅनेल दोनशे मिलीअँपिअरच्या आसपास खातं. कागदावर पस्तीस तास, प्रत्यक्षात जेमतेम एक दिवस. चार दिवस पंढरपूरला गेलात तर तीन दिवस घर उघडं.

मागचा दरवाजा. झोन कायमचा बायपास, म्हणजे वगळून ठेवलेला. कारण वर सांगितलंच, पाणी. चोर तिथूनच, आतून कडी काढून गेला.

कॅमेरा. फाटकावर एक होता आणि त्यात दुपारभर फाटक दिसत होतं. मोबाईलवर काही आलं नाही, कारण निघताना सरांनी राऊटर बंद केलेला, 'उगाच वीज कशाला'. कॅमेरा म्हणजे अलार्म नव्हे, हे त्यांना आता सांगायची गरज उरली नव्हती. तपासाला उपयोगी पडलं ते तीन घरं पलीकडच्यांनी स्वतःच्या गाडीवर रोखलेल्या कॅमेऱ्यातलं चित्र : बांधकामाच्या बाजूनं जाणारे दोघं, तोंडं रुमालानं बांधलेली.

विमा. गृहकर्जाच्या वेळी बँकेतून घेतलेली पॉलिसी, भारत गृह रक्षा. ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून आली. आग, पूर, भूकंप वगैरेंसाठी ती चांगली आहे. चोरी मात्र तीत तेव्हाच बसते जेव्हा ती अशा एखाद्या दुर्घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांत होते. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, दागिन्यांसाठी आणखी वेगळं. सरांनी पॉलिसी दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि फाईल बंद केली. जे लॉकरमध्ये होतं त्याच्यामागे निदान बँकेची जबाबदारी असते, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं चोरी-आगीच्या प्रकारात वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत. कपाटात आणलेल्या सोन्यामागे कुणीच नव्हतं.

"काढून टाक ते"

चोरीनंतरच्या आठवड्यात सर उलट्या टोकाला गेले. "काढून टाक ते सगळं. उपयोग काय त्याचा?" मी त्यांना खालच्या बेडरूममध्ये नेलं. तिथलं लोखंडी कपाट, ज्यात काकूंच्या आईचं सगळं आणि घराची कागदपत्रं होती, जसंच्या तसं होतं. त्याच्या दाराला बोटाचा ठसाही नव्हता. चोर जिना उतरला, हॉलमध्ये पाऊल टाकलं, भोंगा सुरू झाला आणि तो मागच्या दारानं गेला. वर त्याला वेळ होता, खाली नव्हता. आत किंचाळणाऱ्या हूटरनं त्याच्या वाट्याचं काम केलं होतं. जिथे सेन्सर नव्हता तिथलं गेलं, जिथे होता तिथलं वाचलं.

सर बराच वेळ कपाटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गच्चीचा सेन्सर केवढ्याचा होता?" मी म्हणालो, "तीनशेच्या आत, सर." दोघंही पुढे काही बोललो नाही.

नंतर जे बदललं त्यातलं निम्मं फुकटात झालं. गच्चीच्या दरवाजाला आडवा लोखंडी अडसर आणि सेन्सर. जिन्याच्या मधल्या वळणावर दुसरा मोशन सेन्सर, उतरणारा माणूस त्याच्यासमोरून आडवाच जाईल अशा कोनात. हॉलचा सेन्सर पडद्यापासून हलवला, पिन पूर्वपदावर. रिमोटवर 'पाणी' नावाचं बटण : गच्ची आणि मागचा दरवाजा वीस मिनिटं सुटतात, मग आपोआप पुन्हा चालू. पॅनेल माळ्यावरून खाली आलं, नव्या बॅटरीवर मार्करनं तारीख. पुढच्या भिंतीवर, हात पुरणार नाही इतक्या उंचीवर, बाहेरचा भोंगा. पिझो नव्हे, खालच्या पट्टीत घोंगावणारा, आणि त्यावर लुकलुकणारा लाल दिवा. दिवा आजोबांसाठी.

डायलरमधला पहिला नंबर आता डावीकडच्या वहिनींचा, दुसरा आजोबांच्या नातवाचा, तिसरा सरांचा. सगळ्यांच्या मोबाईलवर ते सिम 'सरांच्या घरचा अलार्म' या नावानं साठवलंय. ठरलंय एवढंच : आपल्या घरातून बघायचं, आत कुणी शिरायचं नाही, ११२ ला फोन करायचा. महिन्यातून एकदा चाचणी. तिची तारीख काकूंनी ठरवली, संकष्टीची. "उपास विसरत नाही, मग हेही विसरणार नाही." संध्याकाळी सहाला भोंगा दहा सेकंद वाजतो, आजोबा ओट्यावरून हात वर करतात. पहिल्या महिन्यात वहिनींनी फोन उचलून, तो मिळाल्याचं डायलरला कळवणारं हॅशचं बटण दाबायच्या ऐवजी "हॅलो, कोण बोलतंय?" असं चार वेळा विचारलं. चाचणी त्यासाठीच असते.

तपास अजून चालू आहे. पाटल्या मिळालेल्या नाहीत.

मे महिन्यात मी न बोलावता गेलो. दुपारी तीनला घर दोन तास बंद ठेवून हॉलमध्ये वॉक टेस्ट घेतली. थर्मामीटर छत्तीस दाखवत होता. आडवा चाललो, दिवा लागला, पण दोन पावलं उशिरा. सेन्सरकडे सरळ चालत गेलो, लागलाच नाही. सर दारात उभे राहून बघत होते.

"वाढव की मग थोडं," ते म्हणाले.

"नाही सर," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या दाराला एक मॅग्नेटिक सेन्सर लावला. लोहचुंबकाला उन्हाळा कळत नाही. जाताना ते दार लावून घ्यायचं, एवढंच सरांकडे काम. त्यांनी ते तिथल्या तिथे तीन वेळा लावून बघितलं.